छतावरील सौरसंच, बॅटरी आणि जनित्र: इमारतीची परवानगी वेगळी घ्यावी लागते का?

प्रश्न
आमच्या दुमजली कार्यशाळेच्या सपाट छतावर ४० किलोवॉटचा सौरसंच, तळमजल्यावर लिथियम बॅटरी आणि भिंतीलगत डिझेल जनित्र बसवायचे आहे. वीजजोडणीची मंजुरी मिळाली की काम सुरू करता येते, असे ठेकेदार सांगतो. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १
सहसा नाही. वीज कंपनी आपल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यापुरते पाहते: पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरने (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राने) जाळ्यात वीज सोडणे थांबवले नाही, तर तारांवर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे १५४७ हे मानक (२००३, सुधारित २०१८) याच जोडणीविषयी आहे. छत टिकेल का, हा त्या मंजुरीचा विषय नाही. तिथे सगळे जण वजनाचीच चौकशी करतात, पण अनेकदा खरी अडचण वाऱ्याची असते; तो पॅनेल खालून उचलतो आणि छताच्या कडांना व कोपऱ्यांत ही ओढ सर्वाधिक असते. छताला छिद्रे नकोत म्हणून काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तर भार कितीतरी वाढतो, आणि मग वजनाचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. त्यामुळे संरचना अभियंत्याने केलेले गणित इमारत परवानगीच्या अर्जाला जोडावे.

प्रतिसाद २
अग्निसुरक्षेचे मुद्दे यात राहून गेले. मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये विद्युतदाब राहतोच. म्हणूनच अमेरिकी विद्युत संहितेने २०१४ च्या आवृत्तीत इमारतीवरील सौरसंचांसाठी शीघ्र खंडनाची, म्हणजे छतावरील तारांमधला विद्युतदाब झटपट खाली आणण्याच्या सोयीची, अट आणली. अग्निशामकांना छतावर चालण्यासाठी मोकळी वाटही नकाशात दाखवावी लागते, आणि चाळीसच्या चाळीस किलोवॉट बसवण्याच्या हट्टात नेमकी तीच बळी पडते. जनित्र भिंतीलगत ठेवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड खिडकीवाटे आत येतो. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या ३७ क्रमांकाच्या, इंजिनांविषयीच्या मानकात दारे-खिडक्यांसारख्या उघड्या जागांपासून सर्वसाधारण अंतर सुमारे दीड मीटर आहे. तसेच जनित्र आणि जाळे चुकूनही एकत्र जोडले जाऊ नयेत, यासाठी चेंजओव्हर स्विच एकरेषीय आकृतीत (वीजजोडणीच्या सोप्या आराखड्यात) दिसला पाहिजे.

प्रश्नकर्ता
बॅटरीचा प्रकार नंतर ठरवला तर चालेल का?

प्रतिसाद २
चालणार नाही. तळमजल्यावरील जागा, वायुवीजन आणि दोन बॅटरी संचांमधील अंतर हे त्या विशिष्ट मॉडेलच्या अग्निचाचणी अहवालावर ठरते, आणि मॉडेल बदलले की सुधारित नकाशे पुन्हा दाखल करावे लागतात. एनएफपीए ८५५ या बॅटरी-साठवणीच्या मानकाची कोणती आवृत्ती, किंवा तिच्याऐवजी दुसरी कोणती संहिता, आपल्याकडे परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाने स्वीकारली आहे, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.