अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे : हाड काढावे, सांधा जखडावा की कृत्रिम सांधा बसवावा?

प्रश्न (सांगली)

नमस्कार. माझे वय ५८ असून गेली ३१ वर्षे मी ब्लाउज शिवण्याचा व्यवसाय करते. उजवा अंगठा मनगटाजवळ जिथे सुरू होतो, तिथे चार वर्षांपासून दुखते आहे. सुरुवातीला फक्त अस्तरासकट दुहेरी कापड कापताना कळ यायची. आता हूक लावताना सुई चिमटीत धरून ठेवणेही जमेनासे झाले आहे, आणि कुकरचे झाकण काढायला किंवा ओली चादर पिळायला घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागते. आठ महिने स्प्लिंट (अंगठा स्थिर ठेवणारा आधारपट्टा) वापरला. स्टिरॉइडची दोन इंजेक्शने झाली. पहिल्याने पाच महिने बरे वाटले, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी झीज तिसऱ्या टप्प्यात असल्याचे सांगितले.

एका डॉक्टरांचे मत असे, की अंगठ्याच्या बुडाशी असलेले ट्रॅपेझियम नावाचे छोटे हाड काढून टाकावे आणि मनगटातल्या एका कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचा) भाग वापरून अंगठ्याला आधार द्यावा. दुसऱ्या डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचवला, कारण त्याने हात लवकर कामाला लागतो. सांध्याची हाडे एकमेकांना जुळवून सांधा कायमचा जखडून टाकण्याचाही एक मार्ग आहे, असे माझ्या दिरांनी कुठेतरी वाचले आहे. मला शिवणकाम सोडायचे नाही. ज्यांनी यातले काही करून घेतले आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

ताई, तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताचे ट्रॅपेझियम काढले. कंडरेचा आधार दिला नाही, नुसते हाड काढले. चार आठवडे प्लास्टर आणि पुढे दोन आठवडे स्प्लिंट होता. त्या काळात परकराची नाडी बांधणे, वेणी घालणे, पोळी लाटणे यांतले काहीच एका हाताने होत नाही, त्यामुळे घरात मदतीला कोण असेल हे तारीख घेण्याआधी ठरवून ठेवा. सांध्यातली जुनी खोल कळ मात्र प्लास्टर निघाले तेव्हाच गेलेली होती. राहिला होता तो अशक्तपणा. तिसऱ्या महिन्यात सुईत दोरा ओवता आला, लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायला सहा महिने लागले आणि पकडीत सुधारणा तर वर्षभर होत राहिली. अंगठ्याच्या पाठीवर काही महिने बधिरपणा होता. तिथल्या त्वचेखालून जाणारी नाजूक नस शस्त्रक्रियेत ताणली जाते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, म्हणून मी घाबरले नाही. एकट्या माणसाच्या दुकानासाठी हा काळ फार मोठा आहे, याची मला जाणीव आहे.

प्रतिसाद २ (हाताच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, पुणे)

आपला हात तपासल्याशिवाय निर्णय सांगणे योग्य नाही, परंतु विचार कोणत्या दिशेने करावा हे लिहितो. हा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा सर्व दिशांना फिरतो. पण त्याची किंमत अशी, की चिमटीच्या टोकाशी एक किलोचा दाब दिला तर बुडाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा दाब येतो. दिवसभर सुई आणि कात्री धरणाऱ्या हाताला एवढे का दुखते, हे यावरून ध्यानात येईल.

ट्रॅपेझियम काढण्याची शस्त्रक्रिया १९४९ साली गर्व्हिस नावाच्या शल्यचिकित्सकांनी मांडली आणि ती आजही टिकून आहे. हाड काढल्यावर अंगठा थोडा खाली सरकतो, तो सरकू नये म्हणून कंडरेचा आधार देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तर्क पटण्यासारखा आहे. तथापि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात वेदना किंवा हाताचे काम या बाबतींत कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस असल्याचे दिसले नाही. त्यामुळे कंडरेचा आधार म्हणजे वरच्या दर्जाची शस्त्रक्रिया, अशा समजुतीने तो निवडू नये. आपल्या हाताला त्याची गरज का आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

कृत्रिम सांध्याने हात लवकर चालू होतो आणि अंगठ्याची लांबी टिकते, हे खरे आहे. मात्र तो निखळण्याचा किंवा कालांतराने सैल होण्याचा धोका असतो, आणि तो बसवायला ट्रॅपेझियममध्ये पुरेसे चांगले हाड शिल्लक असावे लागते. त्या हाडाच्या पलीकडचा सांधाही झिजला असेल तर हा पर्याय सहसा गळतो. कृत्रिम सांधा बिघडलाच तर तो काढून ट्रॅपेझियम काढण्याची वाट पुढेही मोकळी राहते. हे करणाऱ्या डॉक्टरांना अशा किती शस्त्रक्रियांचा अनुभव आहे, हे विचारण्यात संकोच करू नका.

आपल्यासाठी जखडण्याचा पर्याय मला योग्य वाटत नाही. जखडलेल्या अंगठ्यात जोर राहतो, पण तळहात पूर्ण सपाट होत नाही, आणि मशीनवर कापड पुढे सरकवताना आपला तळहात सपाटच टेकलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. चिमटी करताना अंगठ्याचा मधला सांधा मागे वाकून इंग्रजी झेडसारखा आकार होतो का, ते आरशासमोर पाहा. तसे असेल आणि ते दुरुस्त केले नाही, तर बुडाची शस्त्रक्रिया चांगली होऊनही चिमटी दुबळी राहते. तसेच शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

प्रतिसाद ३ (कोल्हापूर)

माझा भाऊ सुतारकाम करतो. ३९ व्या वर्षी त्याचा सांधा प्लेट घालून जखडला. रंधा आणि हातोडा तो पूर्वीसारखाच चालवतो आणि त्याला निर्णयाचा पश्चात्ताप नाही, पण अरुंद फटीत हात घालता येत नाही. हाड जुळायला वेळ लागला. तंबाखूने हाड जुळायला आणखी उशीर होतो, म्हणून डॉक्टरांनी ती सोडायला बजावले होते. शिवणकामासाठी मीही हे सुचवणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आरशासमोर चिमटी करून पाहिली : उजव्या अंगठ्याचा मधला सांधा स्पष्टपणे मागे वाकतो, डाव्याचा वाकत नाही. दोन्ही डॉक्टरांपैकी कुणीही याविषयी काही बोलले नव्हते. लग्नसराईची कामे हातात आहेत, ती जूनपर्यंत उरकतील. तोवर जाड कापड कापायला शेजारच्या मुलीला बसवते आणि स्प्लिंट पुन्हा सुरू करते. सध्या माझा कल हाड काढण्याकडे आहे, पण पुढच्या मंगळवारी आधी या मधल्या सांध्याबद्दल विचारणार आहे. नाशिकच्या ताई, प्लास्टर निघाल्यावर तुम्ही फिजिओथेरपी किती आठवडे घेतलीत, तेवढे कळवाल का?