‘पुलिंग माय लेग’ आणि आपले इंदुरी पाय : अनुभव लिहा

इंग्रजीत ‘टू पुल समवन्स लेग’ म्हणजे निव्वळ गंमत म्हणून एखाद्याच्या गळी खोटी गोष्ट उतरवणे. हिंदीतील ‘टाँग खींचना’ चेष्टेसाठी चालते आणि आडकाठीसाठीही. मराठीत मात्र पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. इंदूरच्या मराठी घरांत या तिन्ही भाषांची सतत सरमिसळ होत असल्याने या वाक्प्रचाराने कोणाचा कसा गोंधळ उडवला, ते सविस्तर लिहावे.

पुण्याहून इंदूरच्या रामबागेत आलेली सून
लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी न्याहारीला वाफेवरचे पोहे होते. वर शेव, कांदा आणि जीरावन मसाला, शेजारी गरम जिलबी. धाकट्या दिरांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने सांगितले की, इथल्या रीतीप्रमाणे नव्या सुनेने जिलबी पोह्यांत कुस्करून पहिली बशी सासऱ्यांना द्यायची असते. मी निमूटपणे जिलबी कुस्करली. पाक शेवेत मुरला, शेव लिबलिबीत झाली आणि टेबलाभोवती हशा पिकला. नणंद म्हणाली, “वहिनी, दादा तुमचे पाय ओढतोय हो!” थट्टा मी हसून सोडून दिली असती, पण हे वाक्य मला लागले, कारण माझ्या माहेरी पाय ओढण्याची भाषा भाऊबंदकीच्या भांडणातच ऐकू येत असे. तिच्या मनात हिंदीतील टांग होती, हे पुढे उमगले. इंग्रजी अर्थाने पाहिले, तर दिरांचा तो प्रकार अगदी नमुनेदार होता : धादांत खोटे, गंभीर मुद्रा आणि नुकसान कोणाचेच नाही. (पोह्यांचे झाले, ते वेगळे.)

सॉफ्टवेअर क्षेत्रातील एक नोकरदार
आमच्या गटात एकमेकांचे श्रेय लाटण्याची अहमहमिका लागली होती. मी इंग्लंडमधील वरिष्ठांना कळवले की, येथे ‘लेग-पुलिंग’ फार वाढले आहे. गटातील वातावरण खेळीमेळीचे असल्याचे वाचून आनंद झाला, असे त्यांचे उत्तर आले! पुढील पत्रात ‘अंडरमाइनिंग’ (दुसऱ्याला आतून पोखरणे) हा शब्द वापरला, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी
व्याकरणापुरते सांगते : आम्ही सर्रास ‘माय लेग्ज’ म्हणतो, परंतु या वाक्प्रचारात पाय एकच ओढला जातो.

राजवाड्याजवळचे एक रहिवासी
रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, टँकरमधून रंग आणि यंत्रांतून गुलाल कित्येक मजले उंच उडवतात, असे लंडनच्या पाहुण्यांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “पुल द अदर वन!” मी गोंधळलो. तेथे अविश्वास दाखवताना ‘आता दुसरा पाय ओढा’ असे म्हणतात आणि काही जण ‘त्याला घुंगरू बांधले आहेत’ अशी पुस्तीही जोडतात, हे त्यांनीच समजावले. आपण अशा वेळी ‘थापा मारू नका’ एवढेच म्हणतो. माझी तर थापही नव्हती; शेवटी चित्रफीत दाखवावी लागली.

निवृत्त इंग्रजी शिक्षिका
फाशी दिलेल्याला लवकर मरण यावे म्हणून आप्त त्याचे पाय ओढत, त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी कथा वर्गात हमखास निघत असे. लंडनच्या टायबर्नमधील जाहीर फाशी 1783 मध्येच बंद झाली आणि थट्टेच्या अर्थाने हा प्रयोग एकोणिसाव्या शतकात आढळतो, म्हणून मला ती पटत नाही. वाटसरूला पायात पाय घालून पाडणाऱ्या चोरांच्या कथेलाही पुरावा नाही. मराठीत मी याला ‘फिरकी घेणे’ म्हणते, ‘टर उडवणे’ नव्हे; टर उडवली जात असताना समोरच्याला ती कळत असते, फिरकी मात्र निदान काही वेळ तरी कळता कामा नये.