मिशिगन २०२२ : निकाल नकाशाने घडवला की गर्भपाताच्या प्रश्नाने?

ताम्रपर्ण (धागाकर्ता)

अमेरिकेतील मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर येणाऱ्या, निवडणुकीची आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता मोजण्यापुरती. राज्यांच्या पातळीवर त्याच दिवशी काय उलथापालथ होते, याकडे फारसे कुणी पाहत नाही. मिशिगनमध्ये ८ नोव्हेंबर २०२२ रोजी गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर दुसऱ्यांदा निवडून आल्या आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहेही त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. ही तिन्ही सत्तास्थाने एकाच वेळी त्या पक्षाकडे येण्याची ही जवळजवळ चाळीस वर्षांतील पहिलीच वेळ होती. या बदलाचे मूळ त्या वर्षीच्या प्रचारात सापडणार नाही, ते चार वर्षे मागे आहे, असे माझे ठाम मत आहे.

२०१८ च्या मध्यावधीतही व्हिटमर सुमारे साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या होत्या आणि विधिमंडळासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारांना एकूण मतेही जास्त पडली होती. तरीही सिनेट (राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह) २२-१६ आणि प्रतिनिधीगृह ५८-५२ असे रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले, कारण मतदारसंघांचा नकाशा २०११ मध्ये त्याच पक्षाच्या बहुमताने आपल्या सोयीने आखला होता. ज्यांना निवडून यायचे आहे त्यांनीच आपले मतदार निवडायचे, अशी ही व्यवस्था होती. ती मोडण्यासाठी स्वयंसेवकांनी दारोदार फिरून चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८ च्या त्याच मतपत्रिकेवर ६१ टक्के मतदारांनी नकाशा आखण्याचे काम विधिमंडळाकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले. ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन आणि ५ कोणत्याही पक्षाशी बांधील नसलेले, अशी ही रचना आहे. या जागांसाठी नऊ हजारांहून अधिक लोकांनी अर्ज केले होते. या आयोगाच्या नकाशावर झालेली पहिली निवडणूक २०२२ ची, आणि म्हणूनच तिचा निकाल वेगळा लागला.

गणिती

आपल्या मांडणीत निम्मेच सत्य आहे. गव्हर्नरची निवडणूक संपूर्ण राज्यात होते, तिला मतदारसंघाचा नकाशा लागत नाही, आणि तिथे व्हिटमर यांनी रिपब्लिकन उमेदवार ट्यूडर डिक्सन यांच्यावर दहा टक्क्यांहून अधिक आघाडी घेतली. राष्ट्राध्यक्ष स्वपक्षाचे असताना मध्यावधीत आधीपेक्षा मोठा विजय मिळवणे अत्यंत अवघड असते. ते शक्य झाले याचे कारण २४ जून २०२२ चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण त्या दिवशी गेले आणि मिशिगनच्या पुस्तकात पडून राहिलेला १९३१ चा बंदीचा कायदा पुन्हा जिवंत होण्याची टांगती तलवार राज्यातील स्त्रियांवर आली.

त्यावर उपाय म्हणून गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालणारा, दुरुस्तीचा ‘तिसरा प्रस्ताव’ आला. साडेसात लाखांहून अधिक सह्या झाल्या. तरीही छापील मसुद्यात शब्दांमधील जागा पुरेशी सुटली नाही, या आक्षेपावरून निवडणूक मंडळात २-२ अशी कोंडी झाली आणि प्रस्ताव मतपत्रिकेवर घेण्याचा आदेश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. लाखो लोकांची मागणी दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर अडू शकते, हे मला आजही अस्वस्थ करते. प्रस्ताव जवळजवळ ५७ टक्के मतांनी संमत झाला. मध्यावधीतील मतदानाचा राज्याचा विक्रम त्या दिवशी मोडला. अ‍ॅन आर्बरमध्ये विद्यापीठाचे विद्यार्थी त्याच दिवशी नोंदणी करून मत देण्यासाठी मध्यरात्र उलटून गेल्यावरही रांगेत होते. ही माणसे नकाशा पाहून थंडीत उभी राहिली नव्हती.

ताम्रपर्ण

रांगेतील त्या विद्यार्थ्यांविषयी मला आदरच आहे आणि लाट होती हेही मी मान्य करतो. प्रश्न असा आहे की लाटेचे रूपांतर जागांमध्ये कशाने झाले. सिनेट २०-१८, प्रतिनिधीगृह ५६-५४. म्हणजे विधिमंडळासाठीच्या मतांमध्ये किंचित आघाडी आणि जागांमध्येही किंचितच आघाडी. जुन्या नकाशावर २०१८ ची तशीच लाट वाया गेली, हे आपण कसे विसरता? शिवाय गर्भपाताचा हक्क प्रस्तावाने मिळाला असला, तरी १९३१ चा कायदा पुस्तकातून काढून टाकण्याचे काम २०२३ मध्ये याच नव्या विधिमंडळाने केले.

सरोवरकाठ

मी गेली अनेक वर्षे मिशिगनमधील सर्वात मोठ्या शहराच्या, डेट्रॉइटच्या, उत्तरेकडील उपनगरात राहतो, म्हणून आयोगाच्या या कौतुकाला आक्षेप घेणे मला भाग आहे. निकाल न्याय्य दिसावा यासाठी जी किंमत मोजली गेली, ती डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय मतदारांनी मोजली. एट माइल रोड ही शहराची उत्तर सीमा. तिच्या अलीकडे बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर आणि पलीकडे प्रामुख्याने गोरी उपनगरे, हा इथला जुना आणि वेदनादायक इतिहास आहे. आयोगाने शहराच्या लांबट फोडी करून त्या या रस्त्यापलीकडच्या उपनगरांना जोडल्या, त्यामुळे अनेक मतदारसंघांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण निम्म्याखाली आले. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उपनगरातील मते जड झाली आणि नोव्हेंबर येण्याआधीच कित्येक ठिकाणचा निर्णय होऊन गेला.

परिणाम पाहा. १९५५ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, डेट्रॉइटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी सातत्याने होता. जानेवारी २०२३ मध्ये ही परंपरा तुटली.

कृष्णाकाठची

ज्या जागेमुळे ती तुटली असे आपण सुचवत आहात, तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे श्री ठाणेदार निवडून आले, हे नाव घेऊनच बोलावे. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात बेताच्या परिस्थितीत वाढलेला, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून पुढे अमेरिकेत गेलेला मराठी माणूस तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये जातो, याचा आम्हा सीमाभागातल्या लोकांना मनापासून अभिमान वाटला. ते उपरे म्हणून अचानक उगवले नव्हते; २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधूनच राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले होते. प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि मते विभागली गेली, हा दोष नकाशाचा कसा? मतदाराने आपल्याच वर्णाच्या उमेदवाराला मत द्यावे, असे गृहीत धरणे मला मतदाराचा अपमान वाटतो.

सरोवरकाठ

ठाणेदारांच्या कष्टांविषयी किंवा त्यांच्या पात्रतेविषयी माझी तक्रार नाही. त्यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर प्रचारात घातले आणि ते नियमांत बसते. परंतु नऊ जणांच्या लढतीत सुमारे २८ टक्के मते घेऊन उमेदवारी मिळते आणि एवढ्या एकतर्फी मतदारसंघात उमेदवारी म्हणजेच विजय असतो, तेव्हा नोव्हेंबरमधील ७१ टक्क्यांना ‘जनतेचा कौल’ म्हणताना थोडे थांबायला हवे. त्याच निवडणुकीत डेट्रॉइटला लागून असलेल्या मकोम परगण्यातून रिपब्लिकन पक्षाचे जॉन जेम्स निवडून आले, ते कृष्णवर्णीय आहेत. म्हणजे प्रश्न केवळ वर्णाचा नाही. डेट्रॉइट शहराला आपला प्रतिनिधी आपल्या मतांवर ठरवता येतो का, हा खरा प्रश्न आहे.

राज्य विधिमंडळाच्या बाबतीत तर न्यायालयानेच उत्तर दिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय पीठाने डेट्रॉइट परिसरातील १३ मतदारसंघ वर्णाच्या आधारे आखलेले असल्याने घटनाबाह्य ठरवले. आयोगाच्या सल्लागारांनीच त्यांना वर्णाच्या टक्केवारीकडे बोट दाखवून रेषा ओढायला लावल्या होत्या, तर सुनावण्यांना आलेले शहरवासी आमच्या वस्त्या तोडू नका असे परोपरीने सांगत होते.

गणिती

हा मुद्दा मला पटतो, आणि धागाकर्त्यांनी तो मूळ लेखातच घ्यायला हवा होता.

ताम्रपर्ण

घ्यायला हवा होता, हे मान्य. कृष्णाकाठची यांचा अभिमान मलाही वाटतो, पण आपला माणूस जिंकला म्हणून त्या रेषा निर्दोष ठरत नाहीत, हे मला सरोवरकाठ यांच्या प्रतिसादानंतर सांगितलेच पाहिजे. तरीही आयोगच चूक होता, हे मी मानणार नाही. न्यायालयाने रद्द केलेले प्रतिनिधीगृहाचे मतदारसंघ याच आयोगाने पुन्हा आखले, आणि २०२४ मध्ये त्या सुधारित नकाशावर रिपब्लिकन पक्षाने ५८-५२ असे बहुमत मिळवले. कौल फिरला तसे सभागृहही फिरले. २०११ च्या नकाशावर ते फिरायलाच तयार नव्हते.

२०३० च्या जनगणनेनंतर नवे १३ नागरिक बसतील. त्यांनी सल्लागारांची टक्केवारी बाजूला ठेवून आधी डेट्रॉइटच्या सुनावण्यांची जुनी टिपणे वाचावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

सरोवरकाठ

आणि त्या सुनावण्या पुन्हा घ्याव्यात, एट माइलच्या दक्षिणेला, संध्याकाळी, कामावरून सुटलेल्या लोकांना येता येईल अशा वेळी.