मदत हवी आहे: निनावी बातम्यांच्या वार्ताहराचं मानपत्र

येत्या 6 जानेवारीला, म्हणजे दर्पण दिनी (मराठी पत्रकार दिनी), आमच्या फोंडा तालुक्यातल्या वाचनालयातर्फे एका निवृत्त वार्ताहरांचा सत्कार ठरलाय. मराठी दैनिकांसाठी त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या बातम्या दिल्या. बातमीचं पाकीट गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं आणि ते पणजीला पोचेल या भरवशावर घरी जायचं, असे ते दिवस. (नाव मुद्दाम देत नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही. म्हणून थेट त्यांनाच विचारताही येत नाही.)

अडचण मानपत्राची आहे. 'समाजाची अमूल्य सेवा' छापाचा मजकूर नको. त्यांच्या चार-पाच खऱ्या बातम्या तारखेसह द्यायच्या आहेत. पण बातम्यांवर नाव नाहीच, फक्त 'फोंडा, दि. 14 (प्रतिनिधी)'. त्यांच्या मुलाने गुपचूप एक फाईल दिली. कात्रणं पिवळी पडलीत, कडा कुरतडलेल्या, आणि बहुतेकांवरची तारीख कापताना गेलेली. वर्तमानपत्राच्या कचेरीत विचारलं, तर अर्धवेळ वार्ताहरांची नोंदच ठेवलेली नाही. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक चाळायची तयारी आहे, पण निदान वर्ष कळल्याशिवाय सुरुवात कुठून करायची?

आम्ही दोघेच आहोत, तेही फक्त शनिवारी मोकळे. शाल-श्रीफळाची सोय झालीय, त्याबद्दल सूचना नकोत.

कात्रणाच्या मागच्या बाजूची जाहिरात, सिनेमाची वेळ, बाजारभाव यांवरून कुणी तारीख शोधून काढलीय का? आणि नाव नसलेली बातमी त्यांचीच, हे मानपत्रात कोणत्या आधारावर लिहावं?