निमंत्रणपत्रिकेतील ‘योनस’ या नावाविषयी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या धाकट्या कन्येचा विवाह लिथुआनियातील कौनस येथील तरुणाशी ठरला असून मराठी पत्रिका छपाईला द्यायची आहे. जावयांचे नाव योनस. मात्र त्यांच्या आई व्हिडिओ कॉलवर ‘योनाय’ अशी हाक मारतात, तेव्हा छापावे काय? शिवाय या नावाचा अर्थ ‘कबूतर’ असून माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला बायबलातला योना तो हाच, असे एका परिचितांनी सांगितले. आमचे यजमान समारंभात तसे बोलणार आहेत. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

*

ताई, नमस्कार आणि अभिनंदन.

यजमानांना कबुतराचा उल्लेख गाळायला सांगावे. जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये हे नाव योना संदेष्ट्याचेच आहे, परंतु लिथुआनियन भाषेत तो संदेष्टा ‘योना’च राहतो आणि योनस म्हणजे मराठी बायबलातला योहान. मूळ हिब्रू ‘योहानान’, म्हणजे ‘यहोवा कृपाळू आहे’. पोलिश यान आणि गोव्यातला पोर्तुगीज वळणाचा जुआंव हे त्याचेच भाऊबंद. विल्नियस विद्यापीठाच्या आवारातील चर्चचे नाव तर अनेकवचनी आहे, कारण ते बाप्तिस्मा करणारा आणि शुभवर्तमानकार अशा दोन्ही योहानांचे आहे.

‘अस’ हा शेवट त्या भाषेतील पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय होय. आपला ‘देवः’ तिथे ‘दिएवस’ होतो, तसेच हे. हाक मारताना संबोधन विभक्ती लागून ‘योनाय’ होते, ते लाडाचे नाव नव्हे. पत्रिकेत ‘योनस’च छापावे.

24 जूनला तिथे ‘योनिनेस’ हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण असतो. मी विल्नियसला नोकरीत असताना आमच्या मजल्यावरील एका योनसच्या दारावर शेजाऱ्यांनी ओकच्या पानांचे कडे अडकवले होते, आणि ते सुकून करकरीत होईपर्यंत त्याने काढले नाही. त्याच संताच्या त्याच दिवशी गोव्यात सांजांव या सणाला डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. योनिनेसचे जुने नाव ‘रासोस’, म्हणजे दंव. तो शब्द आपल्या ‘रस’चा सख्खा नातलग आहे.

*

आभारी आहे. ‘चि. योनस’ असे छापायला दिले. यजमानांनी कबूतर खोडून सांजांव लिहिले आहे. त्यांचे आजोळ म्हापशाचे असल्याने भाषण आता जरा लांबेल.