सहा इकडचे, सहा तिकडचे: अशी समिती आपल्या विधिमंडळात चालंल का?

पेठेतला मास्तर
निवृत्त शिक्षक आहे. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधून, परीक्षेआधी आठ दिवस.

लोकसभेच्या निवडणुकीपासून आमच्या चुलत भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रूप बंद आहे. इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला पुतण्या समोर आला की दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. गणपतीला आला, आरती केली, खिरापत घेतली आणि गेला. चहासुद्धा नाही.

मुलगी अमेरिकेत असते, तिनं एक गोष्ट सांगितली. तिथल्या प्रतिनिधीगृहानं २०१९ ला स्वतःचा कारभार सुधारायला समिती नेमली. १२ सदस्य, दोन्ही पक्षांचे सहा-सहा, बहुमत कुणाचंही असो. शिफारस मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागायची, त्यामुळं समोरच्याला पटवल्याशिवाय काही हलायचं नाही. बसायचेसुद्धा पक्षवार नाही, सरमिसळ. चार वर्षांत २०२ शिफारशी झाल्या.

आपल्या विधिमंडळानं अशी समिती नेमून लोकांतला तुटलेला संवाद हाच विषय दिला तर? खुळचटपणा वाटतोय का?

वकील, भाऊसिंगजी रोड
सर, खुळचट नाही, पण सहा-सहा अवघड आहे. आपल्याकडं समितीत जागा पक्षाच्या संख्याबळावर मिळतात. तरी संकेतानं बरंच होतं. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडं जातं, तेव्हा अध्यक्ष विरोधकांचा मागता येईल.

माझी भीती वेगळी आहे. अहवाल पटलावर ठेवला की फाईल कपाटात. विधिमंडळात आश्वासन समिती आहे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का ते बघायला. शब्दाच्या मागं माणसं लावावी लागतात, यातच सगळं आलं. म्हणून मागणी करताना अहवालाची मुदत आणि सरकारनं लेखी उत्तर द्यायची मुदत, दोन्ही मागा.

गंगावेस कट्टा
मास्तर, कोल्हापुरात पक्ष कुठाय ओ? गट हाईत. मुंबईत एकमेकांवर तुटून पडणारे गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत एकाच पॅनेलला असत्यात. मग सहा इकडचे न् सहा तिकडचे मोजणार कसे? मोजून होईस्तोवर दोघं पलीकडं गेलेले असतील.

आनि सर्वपक्षीय समिती आमाला शिकवायला नको. शहरातल्या टोलविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळंला बघितलीय. एन. डी. पाटील सर, कॉम्रेड गोविंद पानसरे पुढं, मागं सगळे झेंडे. टोल गेला. पण टोल गेल्यावर त्या झेंड्यावाल्यांना परत एका टेबलावर बसलेलं बघितलंय का कुणी? ‘नको’ म्हणायला आमी एक हुतोय. ‘हे करूया’ म्हणायची वेळ आली की ज्याची त्याची तालीम.

कळंब्याची
कट्टावाले, अर्धंच बोललात. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला १०० सेकंद अख्खं शहर जागच्या जागी उभं राहिलं. ते कशाला ‘नको’ म्हणायला नव्हतं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत भाकरी थापायला बसलेल्या बायकांनी एकमेकींना पक्ष विचारला नाही.

सर, माणसं बोलायला तयार असतात, बोलायची जागा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहराला प्रभाग समित्या सांगितल्या. आपण २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या जवळ होतो. २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभा आहे, वस्तीतल्या मतदारांनी बसून बोलायची. मी तरी एकही पाहिली नाही. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. तेवढ्यात माझा मुलगा मतदार झाला. नगरसेवक काय करतो, हे त्यानं पुस्तकात वाचलं.

मुंबईतली समिती नंतर बघू.

पेठेतला मास्तर
ताई, तुमचं वाचून पुतण्याला फोन केला. राजकारण काढलंच नाही, क्षेत्रसभेचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, आधी आपल्या बोळातल्या गटारीचं मांडायचं, बाकी नाही.” मी हो म्हटलं. आमचं दोघांचंही नाक एकाच गटारीवर आहे.

समितीचा नाद सोडलेला नाही. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं दोन मुदती घालून पत्र लिहितोय, आमदार कुठल्या गटाचे ते न बघता सगळ्यांना पाठवणार.

तेवढं एक सांगा, क्षेत्रसभेचा अर्ज कुणाच्या नावानं करायचा? नगरसेवकाच्या, का आयुक्तांच्या?