सिंगापूर: मुलांना पाण्यात खेळायला कुठली बाग बरी?

नाशिककर_आई:
मे मधे सिंगापूरला जातोय, मुलगी ३ वर्षांची मुलगा ८ चा, सोबत सासूसासरे. तिकिटांवर पैसे उडवून झाल्यावर एक सकाळ फुकटात पाण्यात सोडायचीत दोघांना :) नणंद म्हणते बोटॅनिक गार्डन्समधली जेकब बॅलास ही मुलांची बाग, नवरा म्हणतो गार्डन्स बाय द बे. दोन्ही झेपणार नाही. मोकळा वार फक्त सोमवार.

भटकी_जोडी:
आधी तो सोमवार बदला, दोन्हीकडची मुलांची बाग सोमवारी बंद असते.
नुसतं भिजायचं असेल तर गार्डन्स बाय द बे. कारंज्यांना सेन्सर आहेत, पोरं हलली की पाणी उडतं, आणि १ ते ५ वर्षांच्यांना वेगळा कोपरा आहे म्हणजे मोठी पोरं अंगावर येत नाहीत. ८ वाल्याला झाडांवरची घरं. फक्त बेफ्रंट स्टेशनपासून बरंच चालावं लागतं, सासूबाईंचे गुडघे बघून ठरवा.

सिंगापुरी_काका:
आम्ही इथेच राहतो, माझं मत नणंदेला. जेकब बॅलासला पाणी हा एक भाग झाला, तेवढ्यासाठीच गेलात तर पोरगा अर्ध्या तासात कंटाळेल. खरी मजा पुढे आहे, शेत, फळबाग, ओढा, झुलता पूल. २००७ ला सुरू झालं, २०१७ ला वाढवून ४ हेक्टर केलं. झाड अन्न कसं बनवतं ते खेळता खेळता दाखवलंय, शाळेत डोक्यावरून गेलेलं इथे कळतं. बोटॅनिक गार्डन्स एमआरटीला (मेट्रो स्टेशन) उतरायचं.
एक गंमत, मुलाशिवाय मोठ्या माणसांना आत सोडत नाहीत. आजोबा मागाहून एकटे आले तर बाहेरच राहतील :D

नाशिककर_आई:
हे बरं झालं सांगितलंत, सासरे नेहमी मागेच राहतात. पाऊस आला तर?

सिंगापुरी_काका:
दुपारी येतोच. विजेचा इशारा झाला की पाणी बंद करतात, मग कितीही रडून उपयोग नाही, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा. पाण्यातले डायपर, जास्तीचे कपडे, टॉवेल आणि टोपी घ्या, ऊन भयंकर असतं. आणि निघायच्या आधी साइट बघा, मधेच दुरुस्तीला बंद ठेवतात.

भटकी_जोडी:
काका पण ३ वर्षांच्या मुलीला अन्न कसं बनतं त्याचं काय, तिला पाणी हवंय. मी अजून नवऱ्याच्या बाजूने.